शाळेतला आणि घरातला सिनेमा

मुलांना एकत्र बसवून चित्रपट किंवा व्हिडिओ दाखवण्याची शाळांमधली आणि कुटुंबांमधली पद्धत. महाराष्ट्रात तिची रूपे बदलत गेली: आधी पटांगणातला पडदा, मग दूरदर्शनचा शनिवार-रविवार, भाड्याने आणलेला व्हिडिओ आणि आता वर्गातला प्रोजेक्टर व हातातला मोबाईल. पूर्वी सिनेमा दुर्मीळ होता, म्हणून तो दाखवणे हाच कार्यक्रम असे. आज तो कुठेही मिळतो, त्यामुळे शाळेत तो का आणि कसा दाखवायचा याचा विचार करावा लागतो. सर रजेवर आहेत म्हणून ऑफ तासाला लावून दिलेला सिनेमा हा या पद्धतीचा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे.

पडद्यावरचा सिनेमा

मुलांसाठी चित्रपट काढून ते शाळांपर्यंत पोचवण्यासाठी केंद्र सरकारने १९५५ मध्ये चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी स्थापन केली. माहितीपट काढणारा फिल्म्स डिव्हिजन त्याआधीपासून, १९४८ पासून, होता. या दोन्ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. मराठीत शाळांनी मुलांना आवर्जून दाखवलेला चित्रपट म्हणजे आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३). सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट.

शाळेत किंवा गणेशोत्सवात दाखवला जाणारा सिनेमा बहुधा १६ मिलिमीटर फितीवर असे. या फितीच्या एका फुटात ४० चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ३६ फूट फीत सरकते. म्हणजे ४०० फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते, १६०० फुटांचे सुमारे ४४ मिनिटांत. दोन तासांच्या चित्रपटाला मोठी तीन रिळे लागत. प्रोजेक्टर एकच असल्याने प्रत्येक रिळानंतर दिवे लावून फीत पुन्हा ओवावी लागे, आणि तेवढ्यात शिट्ट्या, शेंगदाणे, जागेवरून भांडणे.

फीत ओवणे हेच खरे कसब. दातेरी चाकांवरून फीत सलग सरकते, पण भिंगासमोरच्या खिडकीत ती प्रत्येक चौकटीला क्षणभर थांबून पुढे जाते. या दोन चाली जुळाव्यात म्हणून खिडकीच्या वर आणि खाली फितीला सैल वळण ठेवावे लागते. वरचे वळण निघून गेले की चित्र उड्या मारू लागते. खालचे कमी-जास्त झाले की ओठ आणि आवाज यांची फारकत होते, कारण ध्वनीची पट्टी तिच्या चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेली असते. हा आवाज एका वेगळ्या छोट्या दिव्याच्या उजेडात वाचला जातो. तो दिवा उडाला तर चित्र चालू राहते आणि सिनेमा मुका होतो. फीत खिडकीत अडकली तर पडद्यावर मधोमध तपकिरी डाग उमटून तो फुग्यासारखा पसरतो. ती चौकट जळते; जळका तुकडा कापून दोन टोके चिकटवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खेळ संपल्यावर रीळ उलटे गुंडाळून ठेवायला विसरले तर पुढच्या गावी डब्यातून आधी शेवट बाहेर येतो.

रस्त्यावर दोन बांबूंना ताणलेल्या पांढऱ्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना नायक डावखुरा दिसे आणि श्रेयनामावली आरशातल्यासारखी उलटी. जागा मिळण्याशी मतलब. तक्रार क्वचितच कोणी करी.

दूरदर्शन आणि बालचित्रवाणी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट यांनी घरातल्या आठवड्याला नवा आकार दिला. चाळीत एखाद्याच खोलीत संच असे. दाराबाहेर चपलांचा ढीग, पुढे सतरंजीवर मुले, मागे खाटेवर मोठी माणसे. प्रक्षेपण तुटले की ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी.

शाळांसाठी पुण्यात १९८४ मध्ये राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. लोकांना ती ‘बालचित्रवाणी’ याच नावाने माहीत आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम काढायचे आणि ते दूरदर्शनवरून दाखवायचे, ही कल्पना चांगली होती. गोम अशी की प्रक्षेपणाची वेळ एकच आणि शाळांच्या वेळा वेगवेगळ्या. सकाळच्या अधिवेशनात त्या घटकेला गणित चाललेले, दुपारच्या अधिवेशनातली मुले अजून घरी. कार्यक्रम ज्या पाठावर तो पाठ वर्गात महिनाभर आधी होऊन गेलेला किंवा अजून यायचा. मधे थांबवून समजावण्याचीही सोय नाही. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. आज पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ ॲपमधला व्हिडिओ हवा तेव्हा लावता येतो. वेळेची जुनी अडचण त्याने सुटली. २०२० मध्ये शाळा बंद असताना मात्र पुन्हा प्रक्षेपणाकडेच वळावे लागले. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथेही पोचू शकली, कारण तिला इंटरनेट लागत नव्हते.

भाड्याचा व्हिडिओ

ऐंशीच्या दशकात ‘व्हिडिओ आणणे’ याचा अर्थ व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणणे. वर्गणी काढून आणलेला व्हिडिओ सकाळपर्यंत ‘वसूल’ केला जाई: एक पौराणिक किंवा कौटुंबिक आजी-आजोबांसाठी, एक मारामारीचा, आणि तिसरा लागेपर्यंत निम्मे लोक पेंगलेले. ई-१८० छापाची कॅसेट तीन तास चाले, त्यामुळे बहुतेक हिंदी चित्रपट एकीत मावत. वीज मध्येच गेली की कॅसेट यंत्राच्या पोटात अडकून बसे आणि घाईने ओढणाऱ्याच्या हाती फितीचा गुंता येई. चित्रावर पांढऱ्या रेघांचा पाऊस दिसू लागला तर बहुतेक वेळा दोष कॅसेटचा नसे, यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या फिरत्या डोक्यावर (हेडवर) धूळ बसलेली असे.

वर्गात दाखवताना

आजच्या वर्गात सर्वांत जास्त फसतो तो आवाज. चित्राचा क्रम त्यानंतर. लॅपटॉप एचडीएमआय केबलने प्रोजेक्टरला जोडला की आवाजही त्याच केबलने जातो आणि प्रोजेक्टरच्या पोटातल्या बारक्या स्पीकरमधून कुजबुजल्यासारखा येतो. बाजूला ठेवलेला मोठा स्पीकर मात्र गप्प. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ध्वनीचे ठिकाण बदलून हेडफोनची खोबण निवडली की काम होते. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात कोणताही छोटा स्पीकर पुरत नाही. शाळेत प्रार्थनेसाठी ॲम्प्लिफायर असतोच, तो जोडावा, आणि स्पीकर मुलांच्या कानांच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवावा.

चित्राचे गणित सोपे आहे. सर्वांत मागच्या मुलाचे अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नसावे. ३२ इंची टीव्हीवरचे चित्र सुमारे ४० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे तो अडीच मीटरपर्यंतच कामाचा. ५५ इंचीवर ते ६८ सेंटिमीटर होते आणि अंतर चार मीटरपर्यंत जाते. नेहमीचा वर्ग साडेसात मीटर लांब असतो. देणगीत मिळालेला ३२ इंची टीव्ही साठ मुलांच्या वर्गात भिंतीवर शोभून दिसतो, एवढेच. तिथे प्रोजेक्टर हवा: दोन मीटर रुंद चित्रासाठी, १.५ प्रक्षेप-गुणोत्तराचा (म्हणजे अंतर चित्राच्या रुंदीच्या दीडपट) असेल तर, भिंतीपासून तीन मीटरवर. मुले जमिनीवर बसणार असतील तर चित्राची खालची कड १.२ मीटर उंच असावी, नाहीतर खालची उपशीर्षके (सबटायटल) पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात.

पडदा नसला तरी चालते, पण तैलरंगाची चकाकती भिंत नको. मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत उत्तम. अंधार करताना खिडक्या सगळ्यांना आठवतात. कोकणातल्या कौलारू शाळांत विसरले जाते ते काचेचे कौल. दुपारी बाराच्या सुमाराला त्यातून येणारा कवडसा नेमका पडद्यावर पडतो आणि तासाभरात हातभर सरकतो. आदल्या दिवशी त्याच वेळी वर्गात उभे राहून पाहणे हा त्यावरचा एकमेव भरवशाचा उपाय.

खडूची भुकटी हा प्रोजेक्टरचा खरा शत्रू. ती हवेच्या जाळीत साठते, यंत्र तापते आणि ऐन रंगात आपोआप बंद पडते. फळ्याजवळच्या यंत्राची जाळी दर पंधरवड्याला मऊ ब्रशने झाडावी. दिव्याच्या प्रोजेक्टरला खेळ संपल्यावर पंखा थांबेपर्यंत वीज चालू ठेवावी. मुख्य बटण खटकन बंद करण्याची सवय दिव्याचे आयुष्य कमी करते.

पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावायचे असेल तर तीन गोष्टी आधी तपासाव्यात. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. चित्र दिसते पण आवाज नाही, असे झाले तर टीव्हीला त्या फाइलचा ध्वनिप्रकार वाचता येत नाही असे समजावे. एमपी-४ मध्ये एएसी ध्वनी बहुतेक टीव्ही वाचतात. मराठी उपशीर्षकांत काही टीव्हींवर जोडाक्षरे फुटतात किंवा चौकोन दिसतात. मग लॅपटॉपवरूनच लावावे. यूट्यूबवरून थेट दाखवताना पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करावी. जाहिरातीत काय येईल ते कोणाच्याच हातात नसते.

किती आणि काय

३५ मिनिटांच्या तासात पाच ते आठ मिनिटांचा तुकडा पुरे. आधी एक प्रश्न फळ्यावर लिहायचा, तुकडा दाखवायचा, मग आवाज बंद करून तोच पुन्हा दाखवायचा आणि मुलांना सांगायला लावायचे. दुसऱ्या वेळी मुले चित्र बघतात; पहिल्यांदा ती गोष्टीमागे धावत असतात. हृदयाचे आकुंचन, बियाणे रुजणे, ज्वालामुखी अशा चालत्या गोष्टींसाठी व्हिडिओला तोड नाही. जे वर्गात करून पाहता येते ते मात्र पडद्यावर दाखवू नये. लिटमस कागद लाल झालेला व्हिडिओत पाहणे म्हणजे ताटातल्या जेवणाचा फोटो बघणे.

पूर्ण चित्रपट दाखवायचा तर १०० मिनिटांना तीन तासिका जोडून मिळाव्या लागतात, शिवाय मधली सुट्टी गिळता येत नाही. शनिवारची सकाळ त्यासाठी बरी. शिक्षकाने चित्रपट आधी स्वतः अखेरपर्यंत पाहिलेला असावा. ‘पुरस्कार मिळालाय’ एवढ्यावर निवडलेल्या कित्येक चित्रपटांत मूल मुख्य भूमिकेत असते, पण तो मुलांसाठी नसतो. सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहावे. ‘ए’ चित्रपट १८ वर्षांखालील कोणालाही दाखवता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन भाग झाले आहेत.

हक्कांबाबत दोन टोकांचे गैरसमज आहेत: शाळेत काहीच दाखवता येत नाही, किंवा शाळेत काहीही चालते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवण्यास मुभा आहे. अट ही की प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि उपक्रमाशी संबंधित माणसेच असावीत. स्नेहसंमेलनाचा निधी म्हणून तिकिटे लावून गावाला बोलावले तर ही मुभा लागू पडत नाही. शिक्षकाच्या खासगी ओटीटी खात्याच्या अटी हा वेगळा करार असतो आणि तो बहुधा घरगुती वापरापुरताच असतो.

घरात

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. घास भरवताना मोबाईल समोर धरण्याची सवय या वयातच लागते आणि नंतर मोडताना जेवणाचे हाल होतात. पोट भरल्याची जाणीव न होता मूल खात राहते किंवा मोबाईल काढताच तोंड मिटते. ओटीटीवर १३ वर्षांपुढील आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावता येण्याची सोय २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केली. पण घरातल्या सर्वांचे एकच प्रोफाइल असेल तर तिचा उपयोग नाही. मुलांचे प्रोफाइल वेगळे करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन ठेवावा लागतो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. नियम सगळ्या गावाला एकच, म्हणून ‘शेजारच्यांकडे चालू आहे’ ही मुलांची सबब उरत नाही. मोठ्यांनाही त्या वेळेत मालिका सोडावी लागते. एकेकट्या घरात असे नियम मोडतात ते बहुधा याच ठिकाणी.

परदेशातल्या मराठी कुटुंबांत सिनेमाला आणखी एक काम असते, भाषा कानावर पाडण्याचे. तिथली मुले इंग्रजी उपशीर्षके वाचतात आणि मराठी ऐकतच नाहीत. पहिल्यांदा उपशीर्षकांसह आणि आठवड्याने तोच भाग त्यांच्याशिवाय दाखवला की कान उघडतात.

घरच्या व्हिडिओंमध्ये लग्न-मुंजीच्या कॅसेटींचा प्रश्न वेगळा आहे. दमट हवेत फितीवर बुरशीची पांढरी पूड धरते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये, कारण ती बुरशी डोक्यावर आणि तिथून पुढच्या कॅसेटींवर जाते. आधी फीत साफ करून घ्यावी लागते. संगणकावर उतरवताना घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. उतरवल्यावर दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि फाइलच्या नावात वर्ष व प्रसंग लिहावा. पंगतीत वाढणाऱ्या काकूंचे नाव सांगणारे माणूस घरात असेतोवर तेही लिहून घ्यावे.