भीमेतली खडशी: बीज आहे, वाहतं पाणी नाही

सोलापुरात ‘उजनीचा मासा’ म्हणून जे विकलं जातं त्यात रोहू, कटला, मृगळ आणि ढिगानं चिलापी असते. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ साली. पण ज्यांना आपण बिनधास्त ‘देशी’ म्हणतो ते रोहू आणि मृगळही गंगेकडचे, भीमेचे नव्हेत. भीमेची घरची मंडळी वेगळी: खडशी, कोळशी, वांब, शिंगाडा, मरळ. यातली खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर (वाहत्या नदीतला एक मोठा मासा), पुन्हा नदीत आणायची भाषा अधूनमधून होते. तिची कथा मात्र भीमेवरच्या उजनी धरणापेक्षा बरीच जुनी आहे.

कर्नल साईक्स हा मुंबई इलाख्यातला इंग्रज अधिकारी. दख्खनच्या माशांची नोंद त्यानं १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. खडशीचा नमुना त्याला मिळाला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. नाव ठेवताना त्यानं लॅटिन कोशात डोकं घातलं नाही, इथल्या लोकांच्या तोंडचंच घेतलं: ‘खुद्री’. कोळशीचंही तसंच, ‘कोलस’. आज जगभरचे अभ्यासक ‘टॉर खुद्री’ लिहितात तेव्हा ते नकळत मराठीच बोलत असतात. मुळा-मुठेचं तेच पाणी भीमेत मिसळून आमच्याकडे येतं. आता पुण्याचं सांडपाणी सोबत घेऊन.

पुढचं वळण १९५७ चं. कटकला पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून गंगेकडच्या माशांचं प्रजनन करवण्यात यश आलं आणि त्यांचं बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, हवं तेवढं मिळू लागलं. १९८० मध्ये उजनी पूर्ण झालं, सुमारे ११७ टीएमसीचा जलाशय उभा राहिला. असं साचलेलं पाणी या पाहुण्यांना मानवलं. खडशीला लागतं वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी आणि खडीचा तळ. पावसाळ्यात ती अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढते, आणि धरणाची भिंत ओलांडायची सोय तिच्यासाठी कुणी केलेली नाही. त्यात बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत पिल्लं, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सगळंच उपसलं जातं.

गंमत अशी की खडशीचं बीज करण्याचं तंत्र आपल्याच राज्यात तयार झालं. लोणावळ्याजवळ वळवणला, टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावाकाठी, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात मादीची अंडी हातानं काढून, नराचं रेत मिसळून, पिल्लं वाढवून दाखवली. त्यांची एक युक्ती मला फार आवडते: फलित अंडी ओल्या कापसात ठेवून लांबवर पाठवायची. पाण्याचे जड पिंप नकोत, पिशवीत अंडी उचंबळायची भीती नको.

हे बीज पुढे दूरदूर गेलं. कावेरीतही सोडलं गेलं, आणि तिथं उलटंच घडलं. खडशी फोफावली, कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे हटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली, तोवर तो नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर होता. आपल्या नदीत जी घरची, तीच दुसऱ्याच्या नदीत घुसखोर. म्हणून ‘महसीर सोडले’ एवढ्या बातमीवर मी टाळ्या वाजवत नाही. कुठला, कुठल्या खोऱ्यात, हे आधी विचारतो.

भीमेत खडशी सोडायला ही अडचण नाही, ती इथलीच आहे. अडचण उजनीच्या खाली आहे. तिथं नदी वाहते ती सोडल्या पाण्यावर: कधी पिकाच्या आवर्तनासाठी, कधी आषाढीला पंढरपूरसाठी, कधी सोलापूर शहराची तहान भागवायला औज बंधाऱ्यापर्यंत. पाणी बंद झालं की उरतात बंधाऱ्यांमागची डबकी. पात्रातल्या वाळूचा उपसा होऊन काय झालं हे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या माणसाला सांगायला नको. लोणावळ्याची बोटुकली त्या पात्रात सोडली, तर मोठी होऊन अंडी घालायला ती कुठं जाईल?