‘मी फेसबुकला परवानगी देत नाही’: त्या पोस्टचा खुलासा

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर ती पोस्ट पुन्हा फिरतेय: “उद्यापासून नवा नियम. मी फेसबुकला माझे फोटो वापरण्याची परवानगी देत नाही. शेअर नको, कॉपी करा.” २०१२ पासून हेच चाललंय, कधी रोम कराराचा दाखला जोडून. तो करार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा. आपल्या फोटोंशी त्याचा काडीचाही संबंध नाही. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी पोस्ट टाकून बदलत नाहीत.

मला काळजी वेगळीच वाटते. ही पोस्ट टाकणाऱ्यांच्याच प्रोफाइलवर मोबाइल नंबर, जन्मतारीख, विश्रामबागेतल्या घराची पाटी, शाळेच्या गणवेशातली लेक, सगळं ‘पब्लिक’ असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते ‘फ्रेंड्स’ करा. जुन्या पोस्टही एकदम मर्यादित करता येतात. प्रोफाइल लॉक (फ्रेंड्स नसलेल्यांना तुमचे फोटो-पोस्ट दिसू न देणारी सोय) भारतात २०२० पासून आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते आजच लावून द्या.