लायनफिश नियंत्रण

अटलांटिक महासागराचा पश्चिम भाग, कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात येथील प्रवाळभित्तींवर बस्तान बसवलेल्या लायनफिश या परक्या माशाला पाणबुड्यांनी (पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांनी) एकेक करून टिपण्याची व त्याची संख्या आटोक्यात ठेवण्याची पद्धत. टेरॉइस व्होलिटान्स आणि टेरॉइस माइल्स या त्याच्या दोन जाती मूळच्या हिंदी व प्रशांत महासागरांतल्या. गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी स्कूबा करताना लायनफिश दिसला, तर तो स्वतःच्याच घरात असतो. तिथे त्याला मारण्याचे कारण नाही.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्याची पहिली नोंद १९८५ मध्ये फ्लॉरिडातील डेनिया बीचजवळ झाली. शोभेचे मासे पाळणाऱ्यांनी तो समुद्रात सोडला असावा, असे मानले जाते. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात मत्स्यालयाची टाकी फुटली आणि मासे निसटले, ही गोष्ट अजूनही रंगवून सांगितली जाते. पण पहिली नोंद त्याच्या सात वर्षे आधीची आहे. २००४ मध्ये तो बहामाजमध्ये, २०१० च्या सुमारास मेक्सिकोच्या आखातात आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर आढळला.

एक मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते. अंगावर १८ विषारी काटे असल्याने मोठे मासे सहसा वाटेला जात नाहीत, आणि तिथल्या छोट्या माशांना हा शिकारी ओळखूच येत नाही. बहामाजमधील एका प्रयोगात लायनफिश असलेल्या खडकांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या देशी माशांचे प्रमाण पाच आठवड्यांत सरासरी ७९ टक्क्यांनी घटले. हा मासा गळाला फारसा लागत नाही आणि प्रवाळावर जाळे ओढता येत नाही. म्हणून माणसाला खाली उतरावे लागते.

हत्यार साधे असते: टोकाला तीन अणकुच्या आणि मागे रबरी पट्टा असलेला आखूड भाला. पट्टा अंगठ्यात अडकवून ताणायचा, टोक माशाच्या अगदी जवळ न्यायचे आणि डोक्यामागे नेम धरून सोडायचे. लायनफिश पळत नाही, पर पसरून जागच्या जागी तरंगत राहतो. नवख्यालाही तो साधतो तो यामुळेच. खरी कसोटी त्यानंतरची. तडफडणारा मासा हाताला न लागू देता प्लॅस्टिकच्या जाड नळकांड्यात ढकलायचा. तोंडाशी आत वळलेली लवचीक झडप असते, ती भाला बाहेर येऊ देते पण मासा अडवते. काटा लागलाच तर बाहेर येऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात. उष्णतेने विषातली प्रथिने निकामी होतात आणि वेदना उतरते.

रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन ही संस्था २००९ पासून लायनफिश पकडण्याच्या स्पर्धा भरवते. फ्लॉरिडात हातभाल्याने किंवा हातजाळीने लायनफिश पकडायला परवाना लागत नाही. कॅरिबियनमधील बोनेअर बेटावर भाल्याने मासेमारी करण्यास बंदी आहे, तरी लायनफिशपुरता अपवाद करून निवडक पाणबुड्यांना खास भाले देण्यात आले. फ्लॉरिडातील डेस्टिन येथील २०१९ च्या स्पर्धेत दहा हजारांहून अधिक मासे मारले गेले.

तरीही एवढ्याने समूळ उच्चाटन होत नाही. प्रवाहाबरोबर नवी पिल्ले येत राहतात, त्यामुळे साफ केलेला खडक पुन्हा भरतो. पण उच्चाटन न करताही काम भागते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहामाजमधील अभ्यासाने दाखवले: लायनफिशची संख्या ठरावीक मर्यादेखाली ठेवली, त्या खडकांवर देशी माशांचा जैवभार, म्हणजे एकूण वजन, ५० ते ७० टक्क्यांनी वाढला. अडचणी दोन. सतत शिकार होते तिथले लायनफिश दिवसा कपारींत खोल दडतात. शिवाय हौशी पाणबुड्यांची मर्यादा सुमारे ४० मीटर, तर हा मासा ३०० मीटरपर्यंत राहतो. तेवढ्या खोलीसाठी अमेरिकेत खास सापळे तयार केले गेले आहेत. २०१७ नंतर उत्तर मेक्सिको आखातात संख्या झपाट्याने उतरली, त्यात कातडीवर व्रण पाडणाऱ्या एका रोगाचा मोठा वाटा होता. ते सगळे श्रेय भाल्यांना देणे बरोबर नाही.

मारलेला मासा शार्क किंवा गोब्र्यांना भरवण्याची टूम काही ठिकाणी निघाली होती. त्याने झाले एवढेच, की ते मासे खाऊच्या आशेने पाणबुड्यांच्या मागे लागू लागले. माणसाने खाणे हा उपाय जास्त चालला: विष फक्त काट्यांत असते, काटे कात्रीने छाटले की मांस पांढरे व चवीला सौम्य निघते. मात्र काही भागांतल्या प्रवाळमाशांत सिग्वाटेरा हे विष साठते, तिथे लायनफिशही जपूनच खावा लागतो.

भूमध्य समुद्रात टेरॉइस माइल्स सुएझ कालव्यातून शिरला आणि २०१२ पासून सायप्रसभोवती पसरला. तिथे स्कूबा लावून भाल्याने मासे मारणे बेकायदा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या रिलायनमेड प्रकल्पात प्रशिक्षित पाणबुड्यांच्या पथकांना त्यासाठी विशेष परवानगी देण्यात आली.