तीन वाती, एक बाण : अनेक मोटरींच्या मॉडेल रॉकेटची पार्श्वभूमी

दिवाळीत वर जाणाऱ्या रॉकेटला बेळगावातली जुनी माणसं अजून बाणच म्हणतात. हा शब्द रणांगणातून आलाय. बखरींत बाणांचा मारा वाचायला मिळतो, तो धनुष्याचाच असतो असं नाही. पुष्कळदा ती दारू भरून शत्रूवर सोडलेली नळी असते. आमच्या भागातून मराठी फौजा दक्षिणेला उतरल्या, परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला आणि १७९१ च्या एप्रिलात किल्ला घेतला. समोर फौज होती टिपूची, आणि बाण हे तिचं खास हत्यार.

हैदर आणि टिपूच्या बाणांची नळी लोखंडी होती. कागदाच्या नळीत दारू जास्त ठासली तर नळीच फाटते. लोखंड जास्त दाब सोसतं, म्हणून तो बाण लांब जायचा. १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांनी त्याचा मार सोसला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर नमुने विलायतेला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून ब्रिटिश सैन्याचं रॉकेट बनवलं. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे, म्हणजे जुन्या बिदनूरला, एका कोरड्या विहिरीतून २०१८ मध्ये असे हजारावर बाण निघाले. दोन शतकं ते मातीत पडून होते.

हे बाण एका वेळी पुष्कळ सुटत, पण प्रत्येक आपल्या वाटेने जाई. दहातला एक फुसका निघाला तरी बाकीचे नऊ आपलं काम करत. एकाच रॉकेटच्या बुडाशी तीन मोटरी, म्हणजे दारू भरलेल्या तीन नळ्या, बसवल्या की हा हिशोब उलटतो. तिथे एक फुसकी निघाली तर उरलेल्या दोन मोटरीच रॉकेटचा घात करतात. अनेक मोटरींच्या रॉकेटचा सगळा इतिहास मला या एकाच अडचणीभोवती फिरताना दिसतो.

मॉडेल रॉकेटचा छंद मात्र अमेरिकेतला. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल यांचं चपला-बुटांचं दुकान होतं. त्यांना शोभेच्या दारूची आवड, भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानं उडवणारा. दोघांनी मिळून १९५४ मध्ये पॅराशूटने परत उतरणारं छोटं रॉकेट केलं. १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला आणि पोरंसोरं लोखंडी पाइपात मिळेल ती दारू ठासू लागली. पाइप फुटून हातपाय जायबंदी होऊ लागले. हॅरी स्टाइन हे रॉकेटतज्ज्ञ या धोक्याविषयी स्पुटनिकच्या आधीपासूनच लिहीत होते. ते वाचून कार्लाइल यांनी स्पुटनिकच्या आधीच त्यांना आपलं रॉकेट पाठवलं होतं. त्यातून नियम ठरला : मोटर कारखान्यातच भरलेली हवी, नळी कागदाची, आणि अंगावर धातू नको, म्हणजे फुटलं तरी लोखंडाचे तुकडे उडणार नाहीत. टिपूने ताकदीसाठी लोखंड घेतलं होतं, इथे मुलांच्या जिवासाठी पुन्हा कागद आला. मला हा या छंदाच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा निर्णय वाटतो.

पुढे व्हर्न एस्टेस यांनी मोटरी भराभर भरणारं यंत्र केलं. त्यामुळे मोटरी स्वस्त झाल्या, पण मापही ठरून गेलं : १८ मिलिमीटर जाडीची, बोटाएवढी. जड मॉडेल उचलायचं तर त्याच छोट्या मोटरी एकत्र बांधायच्या, हा सरळ मार्ग. खऱ्या रॉकेटवाल्यांनीही तेच केलं. १९६१ मध्ये उडालेल्या सॅटर्न-१ च्या बुडाशी आठ इंजिनं होती, चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ ला पाच. सोव्हिएत एन-१ ला तीस होती, आणि त्याची चारही उड्डाणं फसली.

आपल्याकडचं उदाहरण जीएसएलव्हीचं, म्हणजे इस्रोच्या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचं. २८ मार्च २००१ ला उड्डाणाच्या अगदी तोंडावर चार जोड-इंजिनांपैकी एकाने पुरता जोर धरला नाही, हे संगणकाने ओळखलं आणि सगळं थांबवलं. रॉकेट वाचलं आणि १८ एप्रिलला उडालं. १० जुलै २००६ ला मात्र चारांतल्या एकाचा जोर उड्डाण झाल्यावर गेला, आणि रॉकेट उपग्रहासकट बंगालच्या उपसागरात गेलं. थांबवता येण्याची वेळ निघून गेली होती.

कागदी रॉकेटला असा संगणक नसतो. जी काळजी घ्यायची ती आधीच.

यंदा भाच्याच्या कॉलेजातल्या मुलांनी तीन मोटरींचा संच आणला. मसूर काढून झालेलं येळ्ळूरकडचं शिवार निवडलं, सांबऱ्याच्या विमानतळापासून दूर. शेतमालकांना विचारलं, पोलिसांना कळवलं. मोटरींवर सी ६-५ लिहिलेलं : सी म्हणजे एकूण जोराचा वर्ग, ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन रेटा, ५ म्हणजे जळून झाल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा बार. एका सी मोटरीचा जोर जास्तीत जास्त दहा न्यूटन-सेकंद. तीन मिळून तीसपर्यंत, म्हणून रॉकेट थेट वीस ते चाळीसच्या ई वर्गात गेलं.

तीन मोटरींचं वजन शेपटीला येतं, तोल मागे सरकतो आणि रॉकेट गटांगळ्या खातं. म्हणून नाकात शाडूची गोळी भरली, तोलाच्या जागी दोरी बांधली आणि भाच्याने ते गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवलं. नाक पुढे ठेवून फिरलं, म्हणजे जमलं.

वायर जोडताना तिन्ही मोटरींच्या वाती, म्हणजे विजेने पेटणाऱ्या बारीक तारा, समांतर जोडायच्या. एकामागे एक जोडल्या तर पहिली जळून तुटते आणि उरलेल्यांना वीजच पोचत नाही. तिघींना एकदम वीज पुरावी म्हणून मोटरसायकलची बारा व्होल्टची बॅटरी लावली, आणि बटण तीस फूट लांब.

पहिल्यांदा दोनच पेटल्या. रॉकेट त्याला उभं धरणारी दांडी सोडून निघालं आणि न पेटलेल्या मोटरीकडे नाक झुकवून बांधापलीकडे आडवं गेलं. शेतमालक काका जवळ येऊन म्हणाले, “एक पेटलंच न्हाई की रं!” काढून बघितलं तर वात जळाली होती, पण तिचं टोक मोटरीच्या तोंडात तांदळाच्या दाण्याएवढं मागे सरकलेलं. दारूला टेकलंच नव्हतं.

एक पंख निखळला होता, तो चिकटवून वाळू दिला. मग प्रत्येक वात आत टेकवून, वर बुच दाबून, भाच्याने तिन्ही वायरी एकेक करून हळूच ओढून बघितल्या. दुसऱ्या वेळी रॉकेट सरळ वर गेलं. पॅराशूट शेजारच्या शेतात उतरलं. भाचा पळत गेला, आणि फाटलंय का, तुटलंय का हे बघण्याआधी त्याने ते उलटं धरून बुडाशी डोळा लावला. तिन्ही नळ्या काळ्या झाल्या होत्या.