दीर्घकालीन व्याजदर आणि मध्यवर्ती बँक

मध्यवर्ती बँक एका रात्रीच्या पैशाची किंमत ठरवते. दहा-वीस वर्षांच्या पैशाची किंमत बाजारात ठरते. भारतात सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर ठरवते आणि तो बँकांनी रिझर्व्ह बँकेकडून घेतलेल्या अगदी अल्प मुदतीच्या उसनवारीचा दर असतो. दीर्घकालीन दराचे माप म्हणून 10 वर्षांच्या सरकारी रोख्यावरचा, म्हणजे सरकारने कर्जापोटी दिलेल्या कागदावरचा, परतावा पाहतात. पुढच्या दहा वर्षांत रेपो कुठे असेल याचा बाजाराचा अंदाज त्यात असतो. इतका काळ पैसा अडकवून ठेवण्याचा मोबदलाही असतो. महागाईची धास्ती वाढली किंवा सरकार जास्त कर्ज काढू लागले, की हा मोबदला चढतो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखानदाराला सुतासाठी कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज) लागते आणि मागांसाठी पाच-सात वर्षांचे टर्म लोन. व्यापारी बँकांनी सूक्ष्म व लघुउद्योगांना दिलेली बदलत्या व्याजाची नवी कर्जे 1 ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणे सक्तीचे झाले. अशा कर्जाची मुदत लांब असते, पण दर अल्प मुदतीचाच. म्हणून ‘रेपो उतरला, व्याज उतरले’ हा कारखानदाराचा अनुभव खरा आहे; मात्र त्यावरून रिझर्व्ह बँक दीर्घकालीन दर ठरवते असे मानणे चूक, आणि ही चूक शिकलेली माणसेही करतात. खरा दीर्घकालीन दर स्थिर व्याजाच्या कर्जात भेटतो, किंवा निवृत्तीची रक्कम विमा कंपनीकडे ठेवून आजन्म पेन्शन घेताना.

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने जून 2004 ते जून 2006 मध्ये आपला दर 1 टक्क्यावरून 5.25 टक्क्यांवर नेला. 10 वर्षांचा परतावा मात्र त्या मानाने फारसा हलला नाही. तत्कालीन अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी 2005 मध्ये याला कोडेच म्हटले होते.

तरीही मध्यवर्ती बँक हतबल नसते. ती रोखे विकत घेऊ शकते. रोख्यावरचे व्याज ठरलेले असते, म्हणून त्याची किंमत चढली की परतावा उतरतो. पण दर एका आकड्यावर धरून ठेवायचा, तर समोर येतील तितके रोखे घ्यावे लागतात आणि किती पैसा ओतायचा हे तिच्या हाती उरत नाही. अमेरिकेने 1942 पासून दीर्घ मुदतीचा दर 2.5 टक्क्यांच्या आत रोखला. युद्धानंतर महागाई उसळली आणि मार्च 1951 मध्ये फेडरल रिझर्व्ह व वित्त खात्यात समझोता होऊन ते बंधन सुटले. जपानने 2016 मध्ये 10 वर्षांचा दर शून्याजवळ बांधला, महागाई आल्यावर मर्यादा सैल करत नेली आणि मार्च 2024 मध्ये ते धोरण थांबवले. तोवर निम्म्याच्या आसपास सरकारी रोखे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडेच जमा झाले होते.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2019 मध्ये अल्प मुदतीचे रोखे विकून दीर्घ मुदतीचे घेतले. करोनाकाळात तिने 10 वर्षांचा परतावा 6 टक्क्यांच्या आसपास राखायचा प्रयत्न केला: रोख्यांच्या लिलावात चढा परतावा मागणाऱ्या बोली नाकारल्या, एप्रिल ते जून 2021 या तिमाहीसाठी 1 लाख कोटी रुपयांच्या रोखेखरेदीची आगाऊ हमी दिली. काही महिने ते साधले. पण महागाई आणि सरकारी कर्जाचा भार दिसू लागल्यावर परतावा चढत गेला आणि एप्रिल 2022 मध्ये 7 टक्क्यांच्या पुढे पोचला. रेपो मात्र 4 मे 2022 पर्यंत 4 टक्क्यांवरच होता. बाजाराने दर वाढवून महिने लोटले, तरी रेपोशी जोडलेल्या सोलापुरी टर्म लोनला रेपोकडून त्या दिवसापर्यंत झळ लागली नव्हती.