फॉरमॅट मारायच्या आधी हीटसिंक बघा

एप्रिल-मेमध्ये सांगलीत भर दुपारी टॅलीत एंट्री मारताना पीसी अडकायला लागला, फॅन घरघरायला लागला की पहिला संशय व्हायरसवर जातो आणि फॉरमॅट मारायची घाई होते. पण संध्याकाळी गार झाल्यावर तेच मशीन नीट चालत असेल तर आधी कॅबिनेटचं झाकण उघडा.

हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा. तो प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, फक्त उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. म्हणजे खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ ला असेल, तर खोली ४० ला गेल्यावर तेच काम करताना तो ८० च्या आसपास जाणार, साताऱ्यात डोंगराकडच्या घरात थोडी सूट मिळते एवढंच. त्यात मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीसारख्या जागी बारीक धूळ फॅन आत ओढतो आणि ती हीटसिंकच्या पात्यांच्या फटीत घट्ट बसते, मग हवा जायची कुठून? इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांपाशी स्वतःच स्पीड कमी करतात. तुम्हाला जाणवतो तो ‘हँग’ बऱ्याचदा हाच असतो.

आता खरी गंमत प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात त्या पेस्टची. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ दोन्ही डोळ्याला गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर त्यांच्यात खड्डे-उंचवटे असतात आणि त्या खड्ड्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याचा आकडा बघा, वॉट प्रति मीटर केल्विनमध्ये: तांबं सुमारे ४००, ॲल्युमिनियम २०० च्या वर, पेस्ट साधारण ४ ते १० आणि हवा फक्त ०.०२६! म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट चांगली, पण धातूपुढे काहीच नाही. म्हणून ती फक्त खड्डे भरण्यापुरती हवी, जाड थर दिला तर धातू धातूपासून लांब जातो आणि आपणच अडथळा उभा करतो. जास्त लावली म्हणजे जास्त गार, असं अजिबात नाही. काही वर्षांनी ती सुकते, कडक होते, किंवा गरम-गार होऊन होऊन कडेला सरकते, तेव्हा बदलायला लागते.

हीटसिंक काढताना पीसी आधी दहा मिनिटं चालू ठेवा, पेस्ट मऊ पडते. मग बंद करून मेन वायर काढायची, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवायची, फॅनची पिन काढायची. इंटेलच्या साध्या कूलरला, म्हणजे हीटसिंक-फॅनच्या जोडीला, चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढायच्या. आणि यानंतर सगळ्यात महत्त्वाचं, हीटसिंक सरळ वर खेचू नका! दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटल्या की ओढून निघत नाहीत, सरकवल्या की सुटतात, तसंच इथे, डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवायचा. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या एएम४ प्रकारच्या बोर्डवर तर हे फारच जपायला हवं, कारण तिथे १३३१ पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि खटका लावलेला असतानाही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बाहेर येऊ शकतो, पिना वाकू शकतात. इंटेलमध्ये आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटात, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेत असतात आणि वरून धातूची चौकट प्रोसेसर धरून ठेवते, त्यामुळे ही भीती कमी.

हीटसिंक एकदा उचलला की जुन्या पेस्टवर तो परत बसवायचा नाही, मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं दोन्ही बाजू लख्ख पुसा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं.

नवीन पेस्टचा तुरीच्या दाण्याएवढा ठिपका प्रोसेसरच्या मधोमध पुरे, मोठ्या प्रोसेसरला थोडा जास्त, पसरवायचं काम दाबच करतो. खुंट्या मूळ जागी फिरवून मग कर्णाकर्णानं दाबायच्या, ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे, आणि बोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का ते डोळ्यानं बघायचं. फॅनची पिन ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा आणि चालू करून थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जाऊन तापमान बघा. नुसत्या बायोसमध्ये बसून आकडा भराभर ८०-९० कडे चढायला लागला तर लगेच बंद करा, चारपैकी एखादी खुंटी बहुतेक नीट बसलेली नसणार.