खुब्याच्या सांधेरोपणातील नेव्हिगेशन: अचूक कोन, पण कशाच्या तुलनेत?

कृत्रिम खुब्याची वाटी (कंबरेच्या हाडात बसणारा, गोळा धरणारा भाग) कोणत्या कोनात बसवावी, याचे बहुतेक पाठ्यपुस्तकांतले उत्तर १९७८ सालचे आहे. लेविनेक आणि सहकाऱ्यांनी ३०० सांधे तपासले आणि कल, म्हणजे वाटी बाहेरच्या बाजूला किती उघडते, तो ४० अंश, पुढचा झुकाव म्हणजे अँटीव्हर्जन १५ अंश, दोन्हींत १० अंशांची मुभा अशी 'सुरक्षित कक्षा' आखली. कक्षेतले १.५ टक्के सांधे निखळले होते, बाहेरचे ६.१ टक्के.

हे कोन शस्त्रक्रियेत साधणे अवघड. रुग्ण कुशीवर, चादरींखाली असतो, आणि जखम उघडी धरणाऱ्या रिट्रॅक्टरच्या ताणाने पेल्विस (कंबरेच्या हाडांचे कडे) नकळत फिरते. म्हणून १९९०च्या दशकात पिट्सबर्गमध्ये डिजोया आणि यारामाझ यांनी हिपनॅव्ह ही संगणकी नेव्हिगेशन प्रणाली उभी केली: सीटी स्कॅनवर आखणी, हाडाची जागा कळवणारा, हाडालाच पिनने बसवलेला ट्रॅकर आणि त्यावर नजर ठेवणारा कॅमेरा.

पुढे सीटीशिवाय चालणाऱ्या प्रणाली आल्या आणि खरी अडचण उघडी पडली. यात सर्जन कंबरेची पुढची दोन हाडटोके आणि जघनास्थी (ओटीपोटाखालचे पुढचे हाड) पॉइंटरने टिपतो. त्यांतून जे प्रतल बनते, त्यावर पुढचा प्रत्येक आकडा उभा असतो. कुशीवरच्या रुग्णात खालच्या बाजूचे टोक सापडतच नाही, म्हणून ते बहुधा आधी उताण्या स्थितीत टिपतात. जघनास्थीवर चरबीचा थर असतोच. तो सेंटिमीटरभर जास्त धरला गेला, तर प्रतल सुमारे ६ अंशांनी कलते. प्रतल कलण्याच्या दर अंशामागे वाटीचे अँटीव्हर्जन साधारण पाऊण अंश बदलते. म्हणजे पडद्यावर ४-५ अंश कमी दिसते आणि वाटी तेवढीच जास्त पुढे वळते. ट्रॅकरची पिन सैल झाली किंवा त्याला धक्का लागला, तर पुढची सगळी मापे चुकतात.

व्याख्यांचा गोंधळ वेगळाच. मरे यांनी १९९३ मध्ये या कोनांच्या तीन व्याख्या वेगळ्या करून दाखवल्या. ४० अंश कलाच्या एकाच वाटीचे अँटीव्हर्जन एक्स-रेच्या व्याख्येने १५, शस्त्रक्रियेच्या व्याख्येने १९, शरीररचनेच्या व्याख्येने जवळपास २३ अंश भरते. यंत्र कोणती व्याख्या वापरते, हे आधी पाहायलाच हवे.

त्यात २०१६ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात निखळलेल्या २०६ सांध्यांपैकी ५८ टक्के वाट्या सुरक्षित कक्षेतच आढळल्या. बसताना पेल्विस मागे कलते आणि वाटी पुढे उघडते. कंबरेचे मणके एकमेकांना जोडून कडक झालेल्या रुग्णात तसे होत नाही, मांडीच्या हाडाची मान वाटीच्या पुढच्या काठावर आपटते आणि गोळा मागून सुटतो. अशा रुग्णाचे उभे आणि बसलेले बाजूचे एक्स-रे शस्त्रक्रियेआधीच काढावेत.